पाठीवरची दोन बोटं

गाय माजावर आली की घड्याळ बघत न्हाई, आणि गायवाला तर त्याहून न्हाई. सकाळी सव्वासहाला फोन वाजतो, "डॉक्टर, निघा लवकर." मी कसला डॉक्टर राव! गाईम्हशींना कृत्रिम रेतन करणारा माणूस. हौशीराम माझं नाव, पण महाळुंग्यात ते आता मतदार यादीत तेवढं उरलंय. तीस वर्षं मोटरसायकलवर हिंडतोय, पार घोडेगावच्या पुढं शिनोलीपर्यंत.

त्यातली बावीस वर्षं माझ्यामागं जया बसायची, माझी बायको. रेताच्या कांड्या गार ठेवायचा नायट्रोजनचा कॅन गाडीला बांधला की खड्ड्यात आदळतो, म्हणून ती तो मांडीवर धरून बसायची. लोक हसायचे, बायकोला घेऊन गाई भरायला निघाला म्हणून. हसू द्या. आमाला पोरबाळ न्हाई, दिवसभर एकमेकांचीच सोबत व्हती.

माझी एक खोड लई वाईट. वळलो की इंडिकेटर बंद करायचं विसरतो. फाट्याला लावलेला उजवा इंडिकेटर चार गावं तसाच फडफडत जायचा. समोरून येणारे मूठ उघडझाप करून दाखवायचे, कुणी ओरडायचं, "ओ डॉक्टर, इंडिकेटर!" पण त्यांच्या आधी जया पाठीवर दोन बोटं मारायची. टक टक. वाऱ्यात बोललेलं ऐकू येत न्हाई, म्हणून नुसती बोटं. मी मुकाट्यानं बटण दाबायचो.

मागच्या भादव्यात जया गेली. डेंगू झाला, चार दिवसांत कारभार आटोपला. नंतर घरात जे काय झालं ते कुणाला सांगायचं? एकट्यापुरतं पीठ मळायचं म्हटलं तरी अंदाज चुकायचा, रोज दोन भाकरी उरायच्या. टीव्ही लावून ठेवायचो, बघत नसायचो.

मार्गशीर्षात एका सकाळी शिनोलीला निघालो व्हतो. धुकं लई. पुढच्या चाकापलीकडं काही दिसत नव्हतं, नुसता ओल्या मातीचा आणि पाचट जाळल्याचा वास. फाट्याला वळलो आणि नेहमीसारखा विसरलो. मैलभर गेलो असेन. पाठीवर टक टक झालं.

"हां, हां," म्हणालो आणि बटण दाबलं. पन्नास पावलं पुढं गेलो आणि मग माझ्या ध्यानात आलं. गाडी कडेला घेतली, मागं बघितलं. कुणी नव्हतं. कॅनचा धक्का असंल म्हणावं, तर कॅन घरी ठेवला व्हता. त्या दिवशी मी गाय गाभण आहे का तेवढंच बघायला चाललो व्हतो.

भ्यालो का? खोटं कशाला सांगू, रडलो. रस्त्याच्या कडेला उभा राहून ढसाढसा रडलो.

दुसऱ्या दिवसापासून मी इंडिकेटर मुद्दाम चालू ठेवायला लागलो. तुमी म्हणाल म्हातारा चळला. म्हणा. वळण नसलं तरी उजवा इंडिकेटर लावायचो आणि वाट बघायचो. समोरचे मूठ दाखवायचे, मी मान हलवायचो, पण बटणाला हात लावायचो न्हाई. मला ते कुणा परक्याकडनं नको व्हतं. मैल, दीड मैल झाला की टक टक. मग मी म्हणायचो, "चुकलं बाई," आणि तिला सगळं सांगायचो. कुणाची गाय व्याली, कुणाच्या घरी सून आली. महिनाभर माझे दिवस लई बरे गेले. मागून कुणी तरी आपल्या दिव्याकडं बघून गाडी चालवत असतं, हे तीस वर्षं गाडी चालवणाऱ्याला कुणी शिकवायचं? पण मला कुणाची पडली नव्हती.

मग ती सकाळ उजाडली. धुकं तसंच. उजवा इंडिकेटर चालू, मी सरळ चाललेलो. त्या दिवशी टक टक लवकर होईना. दोन मैल झाले, तीन झाले. "अगं, झोपलीस का?" मी म्हणालो. एवढ्यात समोरून उसाची ट्रॉली आली, ना दिवा ना काही, निम्मा रस्ता अडवून. मी गाडी डावीकडं दाबली आणि मागून स्कूटीचा ब्रेक किंचाळला. नंतर कडेच्या चारीत काही तरी धप्पकन पडलं.

आमच्या शेजारच्या बाळासाहेबांची आरोही व्हती. कॉलेजला चाललेली. मी उजवीकडं वळतोय असं धरून ती डावीकडनं पुढं निघाली असणार, आणि मी नेमका तिच्या अंगावर गेलो. पायाचं हाड बाहेर आलेलं. पोर ओरडतही नव्हती, नुसती माझ्या गाडीकडं बघत व्हती.

ऑपरेशन झालं. पाय वाचेल का ते सांगता येत न्हाई, दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत मी थर्मासमध्ये चहा घेऊन दवाखान्यात गेलो. बाळासाहेब रात्रभर जागे, त्यांना म्हटलं, तुमी जरा पडा, मी बसतो. ते बाहेर गेले. खाटेजवळ फिनेलचा वास आणि सलाईनचे थेंब, एवढंच.

"आरोही," मी म्हणालो, "चूक माझी आहे पोरी. इंडिकेटर माझा चालू राहिला... तुझ्या वडलांना मी आजच सांगणार आहे."

तिनं डोळे उघडले. "इंडिकेटर मला दिसलाच न्हाई काका. लई धुकं व्हतं."

"मग डावीकडनं कशी निघालीस?"

"तुमच्या मागं बसलेल्या बाईंनी हात केला. निघ, निघ पुढं... असा."

शरम वाटायला पाहिजे व्हती, पोरगी पाय मोडून पडलेली. पण मला आनंद झाला. मला एकट्यालाच भास व्हत नव्हता तर! मी तिच्या तोंडाजवळ वाकलो.

"जया व्हती ना? तुझी काकू?"

आरोहीनं माझी बाही धरली.

"जयाकाकू न्हाई काका. काकूंच्या हातचं खाऊन मोठी झालीय मी, त्यांना ओळखणार न्हाई का? ती बाई... उलटी बसली व्हती. तुमच्याकडं पाठ, माझ्याकडं तोंड. हात करत व्हती, आणि मी पडले तवा..."

"तवा काय?"

"तवा वाकून बघत व्हती. कुठं पडले ते."

सलाईन संपत आलं व्हतं. मी नर्सला हाक मारली. आरोहीनं बाही सोडली न्हाई. "काका, त्या गाडीवर परत बसू नका... शपथ घ्या माझी." मी तिच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. खरी घेतली. त्या वेळेला मनात दुसरं काही नव्हतं.

बाहेर आलो तर उजाडलं व्हतं, पण धुकं हललं नव्हतं. फाटकासमोर यष्टी उभी, दारात कंडक्टर. माझी गाडी भिंतीकडेला. दोन तासांत दवानं न्हाऊन निघालेली, टाकीवरनं, आरशावरनं पाणी ओघळत व्हतं. पुढची सीट ओलीचिंब. मागची कोरडी.

मी तिच्यावर हात ठेवला. ऊबदार व्हती, आत्ताच कुणी उठावं तशी... किंवा उठलंच नसावं तशी.

घरी गेलो असतो तर काय व्हतं तिथं? टीव्ही आणि उरलेल्या भाकरी.

"ओ पावणं," कंडक्टरनं घंटीच्या दोरीला हात घातला, "एकटेच आहात ना? या की, जागा आहे."

मी किल्ली लावली. "न्हाई," म्हणालो, "आमी दोघं आहोत."