उकळती पेज

देवासमोर समई लावून मी हे लिहावयास बसलो आहे. या जागी बसून असत्य लिहिण्याचे धाडस मला या वयात होणार नाही. ज्यांना विश्वास ठेवावयाचा नसेल, त्यांच्यावर माझा रोष नाही.

पण हे घडले. माझ्या डोळ्यांदेखत घडले.

आणि रात्री नव्हे. लख्ख उन्हात.

साल १९६७. जानेवारीतला एक शुक्रवार. स्थळ, रास अल खैमाजवळचे खत्त हे गाव.

आज तुम्ही ज्या देशाला संयुक्त अरब अमिराती म्हणता, त्याचे हे नाव तेव्हा अस्तित्वातही नव्हते. रत्नागिरीच्या पाठशाळेत संस्कृत शिकून मी पोटासाठी दुबईच्या बर दुबई या भागात एका सिंधी कापड व्यापाऱ्याच्या पेढीवर कारकून झालो होतो. त्या परक्या मुलखात मला हक्काचे एकच घर होते. बदरुद्दीन सोलकरचे. तो आमच्या रत्नागिरीजवळच्या साखरतरचा. खाडीपलीकडच्या देऱ्याच्या धक्क्यावर माल उतरवून घेणारा मुकादम. त्याची पत्नी हलिमा पाच वर्षांच्या शहरबानूला घेऊन नुकतीच बोटीने आली होती. वाळू आणि खाडी, यांपलीकडे मायलेकींनी तेथे काहीच पाहिले नव्हते.

"खत्तला गरम पाण्याचे झरे आहेत, शास्त्रीबुवा," बदरुद्दीन एके दिवशी म्हणाला. "आपल्या राजवाडीच्या उन्हाळ्यांसारखे. लोक बायकापोरं घेऊन जातात. जुम्म्याला आपणही निघू. यल्ला!"

"मला काय विचारतोस? वहिनींना विचार."

"तिला काय विचारायचं? ती कालच डबे घासून बसलीय."

खमीस नावाच्या स्थानिक चालकाची लँडरोव्हर ठरली. पहाटे निघालो. धड रस्ता नव्हता. वाळूतून, किनाऱ्याच्या कडेने, आपटत आदळत आम्ही पोहोचलो. डोंगराच्या पायथ्याशी खजुरीच्या बागा होत्या. झऱ्यांतून वाफ निघत होती. पुरुषांची अंघोळ एकीकडे, स्त्रियांची दुसरीकडे. मुलांचा नुसता कल्लोळ चालला होता. शहरबानूने पाण्यात पाय बुडवला आणि किंचाळली, "आई, खाली चूल पेटवलीय कोणीतरी!"

सर्व कुटुंबे खजुरीच्या बागेतच जेवावयास बसली होती. खमीसने आम्हांलाही तेथेच जागा दाखवली. परंतु हलिमा वहिनींना चारचौघांत चूल मांडण्याचा संकोच वाटला. म्हणून बदरुद्दीनने थोडे दूर, दगडांच्या आड, एक एकटे बोरीचे झाड निवडले. खमीसने खांदे उडवले. नमाजानंतर तो गावातल्या नातेवाइकांकडे जेवावयास निघून गेला.

झाडाखाली गार सावली होती. मुळांपाशी एक भोक होते. घागरीच्या तोंडाएवढे. आत काळोख.

"हे बघा, मोरीपण तयार आहे," वहिनी म्हणाल्या.

तीन दगडांची चूल पेटली. मटणाचे कालवण वहिनींनी घरूनच आणले होते. माझ्यासाठी मात्र वेगळ्या पातेल्यात, गावाहून आणलेल्या लाल तांदळाचा भात रटरटत होता.

"भाऊंचा भात कालवणापासून लांब ठेवा हां," वहिनींनी नवऱ्याला दटावले. "वाससुद्धा लागायला नको. नाहीतर यांची आई यांना दारात उभं करायची नाही."

"वासाला काय होतं? वासाला जात नसते. काय शास्त्रीबुवा, शास्त्रात काय लिहिलंय?"

"तुझ्या थट्टेला शास्त्रात प्रायश्चित्त लिहिलेले नाही, एवढे मात्र मला ठाऊक आहे."

वहिनी खळखळून हसल्या.

आमच्या कोकणात भात वेळतात. भरपूर पाण्यात तांदूळ शिजवावयाचे, झाकण तिरके धरावयाचे आणि उकळती पेज ओतून काढावयाची. घरी त्यासाठी मोरी असते. साखरतरला वहिनींच्या सासूबाई पेज ओतण्यापूर्वी, खाली जे कोणी न दिसणारे असेल त्याने बाजूला व्हावे म्हणून, मोठ्याने बिस्मिल्ला म्हणत. उघड्या जमिनीवर तर कढत पाणी त्या कधी ओतूच देत नसत. वहिनीही तसेच करीत आल्या होत्या.

त्या दिवशी त्या हसत होत्या.

हसता हसताच त्यांनी फडक्याने पातेले उचलले आणि उकळती पेज त्या भोकात ओतली.

आतून वाफ आली...

आणि वाफेमागून एक आवाज आला.

मांजराचे पिलू ओरडावे तसा. बारीक. एकदाच.

वहिनींचे हसू थांबले. त्यांनी रिकामा हात तोंडावर नेला.

"बिस्मिल्ला राहिलं..."

"अगं, घूस असेल," बदरुद्दीन म्हणाला. त्याचा स्वर मात्र खात्रीचा नव्हता.

मी कान दिला. झऱ्यावरच्या मुलांचा कल्लोळ ऐकू येत नव्हता. क्षणापूर्वी ऐकू येत होता. अन्नावरच्या माशा नाहीशा झाल्या होत्या. चुलीतली लाकडे जळत होती. ज्वाळा हलत होत्या...

तडतड मात्र नव्हती.

मग वहिनींच्या हातातले पातेले सुटले. सुटले म्हणणे चुकीचे आहे. कोणीतरी ते खालून झुगारले. ते गरगरत गेले आणि बदरुद्दीनच्या तोंडावर बसले. दात पडल्याचा आवाज मी ऐकला. तो आवाज मात्र स्पष्ट होता.

बदरुद्दीन तोंड धरून खाली वाकला.

तेवढ्यात त्याचा पाय मागे ओढला गेला.

तेथे कोणीही नव्हते! मी शपथेवर सांगतो, ऊन होते, वाळू होती, आणि तो धिप्पाड माणूस पोटावर पडून दगडांवरून फरफटत चालला होता. त्याची बोटे वाळूत रेघा ओढत होती. "शास्त्री! धर मला! धर!" मी धावलो. त्याचा हात माझ्या हातात आला. तोच माझ्या छातीवर असा प्रहार झाला, की बैलाने शिंगाने उचलून फेकावे तसा मी मागे आदळलो. बरगड्या मोडल्या. श्वास आत जाईना. पडल्या पडल्या मी पाहत राहिलो. बदरुद्दीनला कोणीतरी पाय धरून उचलले आणि बोरीच्या खोडावर आपटले. एकदा. पुन्हा. तिसऱ्या वेळी त्याचे मांडीचे हाड मोडले. सुकी फांदी मोडल्यासारखे.

मी मंत्र म्हणू लागलो. तोंडातून शब्दांऐवजी रक्त आले.

"आई..."

शहरबानूचा स्वर होता. शांत. या साऱ्या आकांतात ती पोर भोकाजवळ उकिडवी बसली होती.

"आई, आत कोणीतरी रडतंय."

आणि तिने आत हात घातला.

"नको!" वहिनी ओरडल्या.

शहरबानूचा हात कोपरापर्यंत आत गेला. मग खांद्यापर्यंत. तिचा गाल वाळूला टेकला. आता ती किंचाळू लागली. "आई, भाजतंय! सोडत नाही! आई!" वाळू तिच्या ओठांपर्यंत आली. ती पाच वर्षांची पोर आमच्यासमोर जमिनीत चालली होती.

वहिनींनी झेप घेऊन तिच्या कमरेला मिठी घातली. त्याच क्षणी त्यांचे डोके मागे ओढले गेले. केस कोणाच्या तरी मुठीत असावेत तसे ताठ झाले. मूठभर केस कातडीसकट उपटून आले. कपाळावरून रक्ताचे ओघळ वाहू लागले. वहिनींनी मुलीला सोडले नाही. पाठीवर फटका बसला. कुर्ता फाटला, पाठ फाटली. तरीही सोडले नाही.

उजवा हात त्यांनी मुलीच्या हाताशेजारून त्या भोकात खुपसला.

"मला घे!" त्या खाली तोंड करून ओरडत होत्या. "मी ओतलं! माझ्या हातून झालं! माझ्या पोरीने काय केलंय? मला घे, तिला सोड!"

मी सरपटत पोहोचलो. शहरबानूचे पाय धरले. आतली पकड इतकी घट्ट होती, की ओढले तर मुलीचा खांदा उखडेल असे वाटले.

क्षणभर काहीच झाले नाही. वहिनींचा चेहरा माझ्यापासून वीतभर अंतरावर होता. त्यांच्या मुद्रेवरची वेदना मी समजू शकलो. पण त्या वेदनेत आणखी काहीतरी उमटले. ते मला तेव्हा समजले नाही. त्यांनी डोळे मिटले. दंडाचे स्नायू ताठ झाले. जमिनीखाली त्या काहीतरी करीत होत्या...

एकाएकी मुलगी सुटून माझ्या अंगावर आली.

आणि आमच्या डोक्यावर, जेथे आकाशावाचून काहीही नव्हते, तेथे कोणीतरी किंचाळले.

तसा आवाज मी त्यापूर्वी ऐकला नव्हता, त्यानंतरही नाही. माझ्या डाव्या कानातून रक्त आले. तो कान आजही बहिरा आहे. बोरीची पाने झडून खाली आली.

मग सारे थांबले.

चूल तडतडू लागली. दूरवर मुले हसत होती.

वहिनींनी हात बाहेर काढला. मनगटापर्यंत कातडी उरली नव्हती. उकडलेल्या मांसासारखा तो पांढरट लाल दिसत होता. वहिनी मात्र हाताकडे पाहत नव्हत्या. त्या भोकाकडे पाहत होत्या.

खमीस आला. त्याने एकवार आम्हांकडे पाहिले, एकवार झाडाकडे. त्याने आम्हांला एकेक करून उचलून गाडीत घातले. दुबईच्या रुग्णालयात आम्ही गाडी उलटल्याचे सांगितले. डॉक्टरांनी वहिनींच्या हाताकडे पाहून विचारले, "गाडीत उकळतं पाणी होतं काय?"

बदरुद्दीनचा पाय कायमचा आखूड झाला. शहरबानू बरी झाली. त्या दिवसाविषयी आम्हांपैकी कोणीही पुन्हा बोलले नाही. माझी समजूत अशी होती, की त्या अधर्म्य शक्तीने मुलीला गिळावयाचा यत्न केला आणि मातेच्या त्यागापुढे ती हरली. अनेक वर्षे मी या समजुतीवर समाधान मानले.

बदरुद्दीन वारला तेव्हा मी साखरतरला समाचारास गेलो. हलिमा वहिनी ओसरीवर बसल्या होत्या. शहरबानूला त्यांनी चहा करावयास आत पाठवले. ती गेल्याची खात्री करून घेतली. मग त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "भाऊ, त्याने माझ्या पोरीला आत ओढलं, असंच तुम्हांला वाटतं ना?"

"मी स्वतः पाहिले, वहिनी."

"ओढत नव्हतं."

मी जवळ सरकून उजवा कान पुढे केला.

"मी हात घातला ना, तर मला एवढासा हात लागला. शहरबानूच्या हातापेक्षा लहान. सगळा पोळलेला. कातडी माझ्या बोटांवर निसटत होती. पडणारं पोर आपल्याला कसं घट्ट धरतं? तसं त्याने तिचं मनगट धरलं होतं. ते तिला खाली नेत नव्हतं, भाऊ. ते वर येऊ बघत होतं. खालून वाळू खचत होती, म्हणून ती पण त्याच्याबरोबर जात होती."

आतून कपबश्यांचा आवाज आला. वहिनी थांबल्या. मग आणखी खाली वाकून बोलल्या.

"त्याला वजनच नव्हतं. मी ओढलं असतं तर दोन्ही पोरं वर आली असती. मला तेव्हाच कळलं होतं."

"मग?"

"वर काय येईल, याची भीती वाटली. मी त्याची बोटं सोडवायला लागले. एकेक करून. एक बोट काही केल्या सुटेना."

त्यांनी आपल्या आकसलेल्या उजव्या हाताकडे पाहिले.

"ते मी मोडलं."

समोर माड हलत होते. अखेर मी विचारले, "तेव्हाच ते किंचाळले?"

"नाही हो, भाऊ. ते गप्पच राहिलं. मुकाट्याने खाली गेलं." वहिनींनी डाव्या हाताचे बोट वर केले. "वर जी किंचाळली ना... ती त्याची आई."

शहरबानू चहा घेऊन आली. आम्ही दोघांनी तो घेतला.

ती किंकाळी मी इतकी वर्षे क्रोधाची समजत होतो. आता माझ्या बहिऱ्या कानात ती ऐकू येऊ लागली आहे. उजव्या कानात नव्हे. बहिऱ्या कानात. त्या क्षणी मी जपमाळ खाली ठेवतो. क्षमा मागावयाची असते; पण कोणापाशी आणि कोणत्या शब्दांत, हे मला ठाऊक नाही.