दुष्टाला नेमकं काय हवं होतं

माणूस काळाच्या मागे धावतो तो दोनच गोष्टींसाठी. एक, हातचं निसटलेलं प्रेम, आणि दुसरी, जन्मभर पुरून उरलेला पश्चात्ताप.

हे वाक्य तिने मोठ्या तन्मयतेने लिहिलं, मोठ्याने वाचून पाहिलं आणि खोडून टाकलं. कारण पडद्यावरच्या माणसाचं तोंड 'प्रेम'पाशीच मिटत होतं. पश्चात्तापाला जागा नव्हती.

तिचं कामच ते. परक्या भाषेतल्या मालिका यायच्या आणि त्यांतल्या माणसांच्या तोंडी ती आपल्या भाषेतले संवाद घालायची. अट एकच, ओठ जुळले पाहिजेत. तोंड उघडं तर 'आ', मिटलं तर 'प', 'ब' नाहीतर 'म'. अर्थ जुळला तर उत्तम, नाही जुळला तर मालकीणबाई म्हणायच्या, "प्रेक्षक ओठ बघतो गं. अर्थ कुणाला लागलाय?"

सध्याच्या मालिकेचा अर्थ खरंच कुणाला लागत नव्हता. त्यात काळाची कळ फिरवून मागे जाणारा करड्या कोटातला एक खलनायक होता. त्याला नाव होतं, पण ते उच्चारताना सगळ्यांच्या जिभेला गाठ पडायची, म्हणून स्टुडिओत त्याला नुसतं 'दुष्ट' म्हणत. दर भागात हा दुष्ट मागे जाई आणि प्रत्येक वेळी त्याच नदीकाठी, त्याच गिरणीपाशी, त्याच संध्याकाळी उतरे. एका खिडकीसमोर उभा राही. आत एक मुलगी दिवा लावत असे. मग हा वळून कुठला तरी पूल पाडी किंवा नायकाच्या बापाला नदीत ढकली, आणि भाग संपे. का, ते कुणी विचारू नये. मूळ कंपनी महासंशयी. गोष्ट फुटू नये म्हणून एका वेळी एकच भाग पाठवायची.

त्या दुपारी दुष्टाचा आधीचा आवाज काम सोडून गेला होता. वय झालं होतं, आणि रोज खदाखदा हसून त्याच्या घशाचं पार खोबरं झालं होतं. बंद खोलीत ती एक ओळ ओठांत घोळवून बघत होती आणि साउंडवाले काका तिच्याकडे बघत बसले होते. खोली अशी, की बाहेर आभाळ कोसळलं तरी आत पत्ता लागू नये. पाऊस पडतोय हे कळायचं ते कुणी ओलं होऊन आत आलं तरच.

दार उघडलं आणि एक ओला माणूस आत आला. केसांतून पाणी गळत होतं. चष्मा त्याने शर्टाला पुसला, पण शर्टही ओलाच, त्यामुळे काचा आणखी धूसर झाल्या...

"खोकल्याच्या औषधाची जाहिरात इथेच का?"

आवाज असा, की कोपऱ्यातल्या टेबलाच्या लाकडालाही तो जरासा जाणवला असावा. काकांनी तिच्याकडे पाहिलं. तिने काकांकडे.

"शेजारची खोली," ती म्हणाली.

"इथेच," काका म्हणाले, आणि त्यांनी त्याच्या कानांवर हेडफोन चढवले.

आवाज भरायच्या खोलीत, काचेपलीकडे, त्याने दोन भाग पाहिले. मग वाकून माईकला विचारलं, "ह्याला हवंय तरी काय?"

तिने बटण दाबलं. काचेपलीकडच्या माणसाशी बोलायचं तर बटण दाबावं लागे. "काळ बदलायचाय."

"कशासाठी?"

"दुष्ट आहे म्हणून."

"दुष्टपणा हा काही हेतू झाला नाही, लेखिकाबाई. माझे थोरले काका चांगले दुष्ट होते. पण आपल्याला काय हवं ते त्यांना पक्कं ठाऊक असायचं."

"काय हवं असायचं?"

"दुसऱ्याच्या ताटातलं."

ती हसली. बटणावरचं बोट काढायचं राहून गेलं, त्यामुळे ते हसू त्याच्या दोन्ही कानांत गेलं. तोही... पण त्याचं काय झालं ते धूसर चष्म्यामागे नीट दिसलं नाही.

काकांनी त्याचं नाव खोकलेवाला ठेवलं. तो रोज येऊ लागला.

आता ह्या धंद्यात एक पळवाट असते. पात्र समोर असेल तर शब्द ओठांचे गुलाम. पण पात्र पाठमोरं झालं, की राज्य आपलं. ओठच दिसत नाहीत, मग हवं ते बोलवा. आणि दुष्ट तर त्या खिडकीशी निम्मा भाग पाठमोराच उभा. मुळात तिथे एक चकार शब्द नव्हता, नुसतं रडवेलं व्हायोलिन.

"इतका वेळ माणूस एका खिडकीकडे बघतो," खोकलेवाला म्हणाला, "आणि म्हणे दुष्ट. आत कोण आहे ते बघा ना."

"गिरणीवाल्याची मुलगी. तिचा पुढे काही संबंध नाही."

"पुढे नाही. मागे?"

तिने पेन्सिल उचलली. मग कागद ओढला आणि त्या पाठीसाठी एक वाक्य लिहिलं. तो काचेमागे गेला. खोलीतला दिवा मालवला, पडद्याचा निळसर उजेड त्याच्या गालावर सांडला, आणि तो हलकेच बोलला, "आजही तिने दिवा उशिराच लावला..."

काका नाक शिंकरायला बाहेर गेले. ते आठवड्यातून एकदाच भावुक होत, आणि ह्या आठवड्याचा तो दिवस आधीच होऊन गेला होता.

तिथून दोघं वाहवतच गेले. करड्या कोटाच्या त्या पाठीला तिने काय काय बोलायला लावलं. 'सगळे काळ पालथे घातले, ही संध्याकाळ कुठेच सापडली नाही.' 'मी दार वाजवलं तर तू उघडशील, ह्याचंच भय वाटतं.' पूल पाडायचा तो तिचा नवरदेव पलीकडून येऊ नये म्हणून. नायकाचा बाप नदीत का, तर तोच तो नवरदेव. सगळं कसं चपखल बसत होतं. चहाच्या कपांवर कप रिकामे होत आणि वाद चालत.

"मग दार का वाजवत नाही तो?" ती विचारी.

"हिंमत नाही. काळ फिरवणं सोपं असतं. दार वाजवून काय बोलणार?"

"इतका सुरेख आवाज असलेल्या माणसाला काय अडचण?"

"कुणाचा आवाज? दुष्टाचा?"

"मग आणखी कुणाचा?" ती म्हणे, आणि पेन्सिलीला टोक नसल्याचं तिला अचानक आठवे.

घरी आई मालिका बघताना डोळे पुसू लागली. "बघ, दुष्ट म्हणे. किती जीव लावतो पोरीला. नाहीतर तुला सांगून आलेले ते सज्जन. एकाने तरी फिरून विचारलं?"

"आई, ते सगळं मीच लिहिते."

"मग स्वतःसाठी लिही की जरा."

आईचं बोलणं लागायला वेळ लागत नसे. त्या रात्री ती अंथरुणावर पडून राहिली आणि एक साधी गोष्ट तिच्या ध्यानात आली. खोकलेवाल्याने तिच्या कानात इतकं गोड काही बोलून ठेवलं होतं, की कुठलीही मुलगी त्यावर आयुष्य काढेल. पण त्यातला शब्द न् शब्द तिचाच होता. त्याचा स्वतःचा म्हणावा तर 'ह्याला हवंय तरी काय' आणि चहाच्या वेळचं 'साखर कमी'. एवढ्यावर संसार उभा राहत नाही.

आणि मग शेवटचा भाग आला.

तिने तो सकाळी एकटीने पाहिला. दुष्ट खिडकीशी आला. आणि ह्या वेळी... वळला. भलामोठा चेहरा, लख्ख उजेड, ओठ असे स्पष्ट की आंधळ्यालाही वाचता यावेत. आणि त्याने कारण सांगितलं. गिरणीची जागा. पुढच्या काळात तिथून हमरस्ता जाणार होता, आणि ती जागा आधीच आपल्या नावावर करायची होती. मुलगी त्या जागेची वारस, बस एवढंच.

तिने तेवढा तुकडा पुन्हा पाहिला. नंतर आणखी पाहून काही उपयोग नव्हता.

"जे म्हणतोय ते लिही," मालकीणबाई म्हणाल्या. "समोरून बोलतोय बाबा, आता काय करणार?"

तिने लिहिलं. ओठ बिनचूक जुळले. खिडकीशी कुणीतरी उभं राहतं, आपण त्याच्या पाठीला प्रेम चिकटवतो, आणि तो मनात रस्त्याचा विचार करत असतो. काचेपलीकडच्या माणसाचंही असंच असेल तर? आज हा भाग झाला की त्याचं इथलं काम संपणार होतं. शेजारच्या खोलीत खोकल्याचं औषध, आणि मग तेही नाही.

तो आला तेव्हा पुन्हा भिजलेला होता. त्याने कागद वाचला. "जागा?"

"जागा," ती म्हणाली.

"मग आपण इतके दिवस..."

"चूक झाली. माझी. मी उगाच त्याच्या पाठीवर भरवसा ठेवला."

त्याने कागद सोबत घेतला. काचेमागे जाऊन ते वाक्य म्हटलं. एका दमात, ओठांशी ओठ जुळवून. काकांनी अंगठा दाखवला. भाग संपला होता. पडदा काळा झाला.

पण तो बाहेर आला नाही. माईक जवळ ओढला आणि उभ्या उभ्या त्यांच्याकडे पाठ केली.

"काका, चालू आहे ना?"

"आहे," काका म्हणाले. रेकॉर्डिंग चालू नव्हतं. पण तिला ऐकू येत होतं, तेवढं पुरे होतं.

"मला... तुमच्यासारखं येत नाही," तो भिंतीला म्हणाला. "मी एरवी घसा बसलेल्या माणसांशीच बोलतो. त्या दिवशी मला शेजारची खोली माहीत होती. म्हणजे दारावर पाटी होती. पण ह्या दाराच्या काचेतून तुम्ही दिसलात, स्वतःशीच काहीतरी म्हणून बघत होता, ओठ हलत होते... आणि मला वाटलं, काय म्हणतेय ते ऐकावं. म्हणून. ते दुष्टाचं मला काही कळलं नव्हतं हो. तो पाठमोरा असला की मी खिडकीकडे बघतच नव्हतो. मला पडद्याच्या काचेत तुम्ही दिसायचात. आता हे संपलं, तर उद्या मी कोणत्या निमित्ताने... म्हणजे निमित्त नसलं तरी... मी आलो तर चालेल का, असं विचारायचं होतं. तुला."

शेवटचा शब्द त्याच्याही लक्षात आला असावा. पाठ ताठ झाली.

तिने बटण दाबलं.

"वाक्य फार लांब झालं," ती म्हणाली. सवय.

"कापा."

"नको," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला. "राहू दे. आणि... इकडे वळ."

तो वळला. चष्मा धुक्याने भरलेला, ओठ काही बोलत नव्हते. जन्मात पहिल्यांदा तिला त्यांत शब्द घालावासा वाटला नाही.

बाहेर पाऊस थांबून रस्ता नुसता चमकत होता, दिव्यांची पिवळी टिंबं पाण्यात पसरली होती. दोघं फार वेळ चालले. छत्री एकच होती, तिची, आणि ती उघडायची गरज नव्हती, तरी त्याने ती उघडून धरली. तिनेही आठवण करून दिली नाही...

शेवटचा भाग लागला त्या संध्याकाळी तो तिच्या घरी आला. आईने त्याला नीट न्याहाळलं, बोलतं केलं आणि म्हणाली, "आवाज ओळखीचा वाटतो. तुम्ही त्या खोकल्याच्या जाहिरातीतले का?"

"हो," तो म्हणाला.

"गुण येत नाही हो त्याचा," आई म्हणाली आणि त्याला चहात साखर जास्त घातली. त्याने तो निमूट प्यायला. तेवढ्यावर आईचं मत बनलं.

तिघं एका ओळीत बसले. दुष्ट खिडकीशी आला, वळला, आणि जागेचं सांगून मोकळा झाला. आई बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली. इकडे चादरीच्या घडीआड दोन हात एकमेकांत गुंतलेले होते, पण ते आईला दिसले नाहीत, किंवा दिसले असतील.

"म्हणजे त्या पोरीवर त्याचा जीव नव्हता?"

"नव्हता," ती म्हणाली.

"मग इतके महिने त्या खिडकीशी उभा राहून काय करत होता मेला?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. तिने त्याच्याकडे.

"मोजणी," आईनेच उत्तर दिलं, आणि ती दोरीवरचे कपडे काढायला उठली.