तीनशे अठरा माणसांचं गाव

"मॅडम, एक गाव टाईप करून द्याल का?"

मान वर केली तर बॉयलरसूटमधला एक उंच तरुण समोर उभा. हातात चुरगळलेला फॅक्स. बाहेर बहरीनचं मनामा शहर ऑगस्टच्या घामानं निथळत होतं, आणि हा आपला खुशाल हसतोय!

"गाव?"

"स्वित्झर्लंडचं. हिंटरमूस. कंपनी मला तिथल्या पंपाच्या कारखान्यात पाठवतेय. साहेब म्हणाले, माहिती फाईलला लाव."

तो समाधान, मुहर्रकच्या वर्कशॉपमधला टेक्निशियन, मूळचा अकोल्याचा. मी संघप्रिया, नागपूरची. किसनदादा-वहिनीकडे माहूजला राहायचे आणि या ऑफिसात टायपिस्ट होते. साल १९९६.

मी वाचू लागले. क्षेत्रफळ नऊ चौरस किलोमीटर. निम्मं जंगल, बाकी बहुतेक कुरणं, मधून एक ओढा. लोकसंख्या तीनशे अठरा.

"अगं बाई! एवढी माणसं तर आमच्या एका बिल्डिंगमध्ये असतील."

"काहून हसता? गाई धरल्या तर हजार भरतील ना!"

मग तो रोज जेवणाच्या सुट्टीत यायला लागला. कधी ओढ्याची लांबी घेऊन, कधी शाळेतली मुलं मोजून... सतरा! काम 'मफी', म्हणजे इथल्या अरबीत काहीच नाही, नुसत्या गप्पा. मीही काही कमी नव्हते. डब्यात दोन पोळ्या जास्त आणायचे.

त्याच्या स्विस परमिटचा अर्जही मीच टाईप केला. तो समोर बसून बडबडत होता, मी हसत होते, बोटं चालत होती. त्यानं न वाचता सही केली, कारण तो माझ्याकडे बघत होता.

एक दिवस म्हणाला, "लोकसंख्या बदलायची आहे."

"किती लिहू?"

"मी गेलो की तीनशे एकोणीस. आणि..." त्याचे कान लाल झाले. "तू आलीस तर — वीस."

"आधी दादाला विचारा," मी म्हटलं. पण हसू काही आवरेना.

दादाला मुलगा आवडला. लग्न डिसेंबरात करायचं ठरलं.

ऑक्टोबरात परमिट आलं, फक्त एकट्याचं. तीन वर्षं कुटुंब आणता येणार नाही, कारण अर्जात तसंच लिहिलंय. मी धावत जाऊन फाईल काढली. 'कुटुंब मागाहून येणार का?' या रकान्यापुढे 'नाही'. माझंच टायपिंग! इथं बहरीनमध्ये टेक्निशियनच्या अर्जात तिथं 'हो' लिहिलं की व्हिसा अडकायचा, म्हणून सगळ्यांना डोळे मिटून 'नाही' मारायची सवय. ती सवय नडली. नवा अर्ज करावा तर जागा दुसऱ्याला जाणार, आणि इथला त्याचा व्हिसा तर रद्दच झालेला.

"लग्न करून तीन वर्षं थांबेल ती," समाधान दादाला म्हणाला.

"थोरल्या ताईचा नवरा असाच दोन महिन्यांत कुवेतला गेला," दादा म्हणाला. "सात वर्षं झाली. ती अजून दारात उभी राहते. दुसरी बहीण मी तशी देणार नाही. पण तिला विचार. ती हो म्हणाली तर मी आड येणार नाही."

विमानतळावर गर्दी होती. मला रडू कोसळलं. "समाधान, तो रकाना... मी भरला होता."

"माहीत आहे. परमिट आल्यावर मीही फाईल बघितली."

"मग बोलला का नाहीस?"

"जायला दोनच दिवस उरले होते. तू माफी मागत बसली असतीस." त्यानं माझा हात घट्ट धरला. "थांबशील?"

दादा दहा पावलांवर पाठ करून उभा होता. एका शब्दाचं काम होतं. पण डोळ्यांपुढे ताईचं तोंड आलं आणि मी खाली बघत राहिले. समाधाननं खूप वाट बघितली. शेवटची घोषणा झाली तेव्हा हळूच हात सोडला आणि म्हणाला, "जय भीम, प्रिया. तब्येत सांभाळ."

टायपिंगची चूक त्यानं कधीच माफ केली होती. पण तिथं मला कुणी अडवलं नव्हतं, आणि तरी मी गप्प राहिले. ते मात्र मला अजून माफ करता येत नाही.