कोरा नमुना

सोहोनींनी घड्याळाची पेटी टेबलावर ठेवली आणि चेतनाकडे न देता हटवार मॅडमकडे सरकवली.

"हे माझं स्वतःचं. पेटीतून एकदाही बाहेर काढलेलं नाही. प्रकल्पाच्या फाटकाच्या आत कधी गेलेलं नाही. दोन वर्षं कर्मचाऱ्यांच्या वसाहतीत, माझ्या घरी, मुलीच्या अभ्यासाच्या टेबलावर पडून आहे. हे मोजा, आणि मग कापगत्यांच्या घड्याळाबद्दल बोला."

बंद पडलेल्या मँगनीजच्या खाणीत, जमिनीखाली दोनशे दहा मीटरवर ही प्रयोगशाळा होती. वरचा सगळा खडक अंतराळातून येणारे किरण अडवायला होता. खाली इतकी शांतता असे की एखाद्या वस्तूतले दिवसाला चार-पाच अणू फुटले तरी त्यांचे किरण मोजणाऱ्या गॅमामापकाला ते ऐकू यावेत. पराग सोहोनी सावरटोल्याच्या संमीलन भट्टीचे सुरक्षाप्रमुख होते. हायड्रोजनचे अणू एकमेकांत वितळवून वीज काढणारी ही भट्टी खाणीपासून चाळीस किलोमीटरवर होती. सुधाकर कापगते तिथे क्रेनवर होते. चेतना त्यांची मुलगी, आणि या गॅमामापकाची जबाबदारी तिच्याकडे होती. बाबांच्या आजाराला भट्टीतले किरण कारण आहेत, असा अर्ज तिने चौकशी समितीकडे केला होता.

"बापाच्या घड्याळाचा निकाल मुलगीच लावणार," सोहोनी म्हणाले. "समितीला हे चालतं, याचं मला नवल वाटतं."

"यंत्राला आडनाव कळत नाही," प्रयोगशाळेच्या प्रमुख हटवार मॅडम म्हणाल्या. "आणि आकडे मी वाचते. चेतना फक्त यंत्र चालवते. बसा."

चेतनाने पेन उचलून नोंदवहीत तारीख लिहिली. बोलली असती तर आवाज चढला असता, आणि सोहोनींना नेमकं तेच हवं होतं.

घड्याळ प्रकल्पानेच दिलं होतं. भट्टी पहिल्यांदा सलग तासभर पेटली, त्या दिवशी दोनशे जणांना एकेक. जुन्या वैमानिकांच्या घड्याळांसारखं रूप, फुगीर काच, काशाची केस, बाजूला दोन बटणं: एक सेकंद मोजायला सुरू करण्या-थांबवण्याचं, दुसरं काटा शून्यावर आणण्याचं. तबकडी मात्र उल्केची. लोखंड आणि निकेल लाखो वर्षं थंड होत गेल्यावर उमटणारी आडव्यातिडव्या पट्ट्यांची नक्षी तिच्यावर होती. दोनशेच्या दोनशे तबकड्या एकाच उल्केतून कापलेल्या. बाबा रोज सकाळी घड्याळाला किल्ली देत आणि दिवसभर काही ना काही मोजत बसत. हुक वर यायला किती लागले, चहाला उकळी यायला किती लागले. आता वॉर्डात पडल्या पडल्या नर्स सलाईन बदलायला किती वेळ लावते, तेही मोजून झालं होतं. गेल्या महिन्यात चेतनाने घड्याळ तपासायला मागितलं, तेव्हा ते पहिल्यांदाच चिडले होते.

"पुन्हा एकदा सांगा," सोहोनी म्हणाले. "मी इंजिनिअर आहे, पण समितीत वकीलही आहेत."

"भट्टीतून न्यूट्रॉन निघतात," मॅडम म्हणाल्या. "ते निकेलवर आदळले की थोडा कोबाल्ट-अठ्ठावन्न तयार होतो. तो एकाहत्तर दिवसांत निम्मा होतो. लोखंडावर आदळले की मँगनीज-चोपन्न. त्याला निम्मं व्हायला तीनशे बारा दिवस लागतात. न्यूट्रॉनचा मारा ताजा असेल तर कोबाल्टच्या पाच नोंदींना मँगनीजची एक मिळते. दिवस जातील तसा कोबाल्ट भराभर संपतो आणि प्रमाण खाली येतं. म्हणजे मारा किती झाला हे तबकडी सांगते, आणि कधी झाला हेही सांगते. कापगत्यांच्या तबकडीत दिवसाला कोबाल्टच्या दीडशे आणि मँगनीजच्या ऐंशी. पाच महिन्यांपूर्वीचा मारा, आणि मोठा. त्याच आठवड्यात ते भट्टीच्या छतावर होते."

"छतावर होते, पण अंगावर पडलेले किरण मोजणारी त्यांची मात्रापट्टी शून्य दाखवते. पट्टी शून्य म्हणते म्हणजे शून्य. आजारी माणसाला दुसरी कारणं असतात. तंबाखू खात होते ना ते?"

चेतनाने हातातलं पेन टेबलावर आडवं ठेवलं. "पट्टी त्यांच्या छातीवर नव्हती. तुमचा मुकादम वर जायच्या आधी सगळ्यांच्या पट्ट्या बिस्किटाच्या डब्यात गोळा करायचा. ग्रीस लागून खराब होतात म्हणून. डबा खाली चहाच्या टपरीत असायचा. घड्याळ काढून ठेवा, असं मात्र कुणी सांगितलं नाही."

"याला पुरावा नाही."

"म्हणूनच घड्याळ मोजलं."

"उल्का अंतराळातून येते, ती किरणोत्सारी असणारच."

"ही वाळवंटात पडून हजारो वर्षं झालीत," चेतना म्हणाली. "एकाहत्तर दिवसांत निम्मी होणारी गोष्ट त्यातून शिल्लक कशी राहील?"

"हजारो वर्षं हे विकणाऱ्याने सांगितलं. विमानातून आणताना काय झालं, कापताना काय झालं, मला माहीत नाही. तुम्हालाही नाही. त्याच उल्केचं, भट्टीजवळ न गेलेलं घड्याळ मोजा. त्यातही हेच निघालं तर तुमचा अर्ज कचऱ्यात."

"मागणी रास्त आहे," मॅडम म्हणाल्या.

चेतनाला हे झोंबलं. पण कोरा नमुना, म्हणजे मारा न झालेली तशीच वस्तू, मोजल्याशिवाय कुठलंच मापन पुरं होत नाही, हे मॅडमनीच तिला शिकवलं होतं. मॅडमनी स्वतः हातमोजे घालून सोहोनींचं घड्याळ नव्या पिशवीत सीलबंद केलं आणि शिशाच्या जाड कोठीत ठेवलं. सोहोनींनी सीलवर सही केली.

"सहा दिवस," मॅडम म्हणाल्या.

सहा दिवस चेतना संध्याकाळी इस्पितळात जात होती. बाबांच्या पांढऱ्या पेशी आणखी घसरल्या होत्या. हिरड्यांतून रक्त यायचं, म्हणून ते तोंड मिटूनच बोलायचे.

"मी तेव्हाच सोहोनी साहेबांना अर्जात लिहिलं होतं नं," ते म्हणाले. "छताचे ठोकळे आम्ही काढले, परत बसवले, तर फट राहते. बोट जाते मधून. भट्टी विझवा, मग नीट बसवून देतो. साहेब म्हणे, विझवायला लय वेळ लागते, कापगते, तुम्हाला नाही समजत."

"आता तर पाच आठवड्यांपासून पूर्ण ताकदीवर चालवतायत."

"अन् फट?"

"तशीच." मंगळवारी समितीची बैठक होती. त्या दिवशी चेतनाचा अर्ज निकाली निघाला तर बुधवारी दुसरी टोळी त्याच छतावर चढणार होती, बिस्किटाच्या डब्यात पट्ट्या टाकून. त्या टोळीची यादी बाबांना तोंडपाठ होती. त्यांनी एकेकाचं नाव घेतलं.

"माझं घड्याळ कधी देशील?" त्यांनी विचारलं.

मंगळवारी सकाळी दहाला सोहोनी निकाल न्यायला खाली आले. समितीकडे जाताना वाटेत थांबल्यासारखे, बूटसुद्धा खाणीचे नव्हते. मॅडम पडद्यासमोर बसल्या होत्या. चेतना त्यांच्या मागे उभी होती, हातात बाबांचं घड्याळ. त्याचं काम संपलं होतं, ते आज परत न्यायचं होतं. तिने सवयीने किल्ली दिली होती.

"काय, शून्य नाही ना?" सोहोनी म्हणाले. "मी म्हटलं होतं."

"नाही, शून्य नाही," मॅडम म्हणाल्या. त्यांनी चष्मा काढला. "सहा दिवसांत कोबाल्ट सहासष्ट, मँगनीज चौदा."

"मग झालं तर. उल्केतच आहे ते. अर्ज निकाली."

"जवळजवळ पाचास एक," चेतना म्हणाली.

सोहोनी हसता हसता थांबले. ते इंजिनिअर होते.

"उल्केतून आलेलं असतं तर दोन्ही घड्याळांत सारखं मिळालं असतं," ती म्हणाली. "एकाच उल्केच्या तबकड्या आहेत. बाबांच्या घड्याळातला मारा जुना आहे, तुमच्यातला ताजा. पाच आठवड्यांतला. भट्टी पूर्ण ताकदीवर आली तेव्हापासूनचा."

"संसर्ग झाला. तुझ्या बापाचं घड्याळ आणि हे..."

"सील तुमचं आहे. सही पाहून घ्या."

त्यांनी पाहिली. सही त्यांचीच होती.

"माझं घर भट्टीपासून सहाशे मीटरवर आहे. मध्ये दोन मीटर जाडीची काँक्रीटची भिंत आहे."

"भिंत आहे," मॅडम सावकाश म्हणाल्या. "न्यूट्रॉन भिंतीतून आलेच नाहीत. छताच्या फटीतून सरळ वर गेले, हवेच्या अणूंवर आपटले आणि खाली पसरले. गावाचे दिवे ढगांवर दिसतात ना, तसं. नभपरावर्तन म्हणतात याला. वसाहत बरोबर त्या पट्ट्यात आहे."

सोहोनींनी टेबलाची कड धरली. "पेटी मुलीच्या टेबलावर होती," ते कुणालाच उद्देशून न म्हणता म्हणाले. "ती रोज तिथे बसते. खिडकीशी." मग चेतनाकडे वळून, "तिला किती मात्रा मिळाली असेल?"

चेतनाच्या तोंडात सहा दिवसांचे, पाच महिन्यांचे सगळे शब्द गोळा झाले होते. त्यातलं एकच वाक्य बाहेर आलं.

"तिची पट्टी काय म्हणते?"

मॅडमनी तिच्याकडे रागाने पाहिलं. चेतनाने नजर खाली घेतली नाही.

सोहोनी वळले. भिंतीवरच्या फोनपाशी गेले, भट्टीच्या नियंत्रण कक्षाचा नंबर फिरवला. "सोहोनी बोलतोय. भट्टी विझवा. नाही, परवानगी नंतर. माझ्या अधिकारात. आत्ता विझवा."

चेतनाचा अंगठा आपोआप बटणावर गेला. काटा उल्केच्या पट्ट्यांवरून सरकू लागला. फोनवर पलीकडून कुणीतरी विचारत होतं, सोहोनी "हो, हो" म्हणत होते. त्यांचा मोकळा हात खिशात मोबाइल शोधत होता, जो इतक्या खोलवर लागणारच नव्हता.

"विझली?" त्यांनी विचारलं. "नक्की?"

चेतनाने बटण दाबलं. काटा थांबला.

"एक्केचाळीस सेकंद," ती म्हणाली. "बाबांचा अर्ज तुमच्या टेबलावर पाच महिने होता."

सोहोनी लिफ्टकडे धावले. मॅडमनी अहवाल छापायला घेतला. चेतनाने घड्याळ मनगटावर बांधलं. दुसऱ्या बटणाला तिने हात लावला नाही. काटा एक्केचाळीसवरच राहू दिला. वॉर्डात पोचल्यावर बाबा आधी तेच विचारणार होते: किती लागले?