प्रमाण हात

सकाळी आठचा भोंगा झाला की काजूच्या कारखान्यापुढे बायकांची रांग लागे, आणि आत जाण्याआधी प्रत्येकीला चुणचुणमापी नावाच्या पेटीत हात घालावा लागे. पेटी शिवणयंत्राएवढी. आत बोटांवर मिरचीतल्या तिखट द्रव्याचा कणभर फवारा बसायचा आणि त्वचेतले मज्जातंतू त्यावर किती जोरात ओरडतात ते पेटी मोजायची. आकडा चाळीसच्या आत आला की हिरवा दिवा लागून दार उघडे. चाळीसच्या वर गेला की लाल. मग बाजूच्या बाकावर बसून हातांना शमनलेप लावून घ्यायचा. तंतूंच्या टोकांवर जी सूक्ष्म द्वारं असतात ती हा लेप दिवसभर बंद ठेवी. टरफलातलं जहाल तेल हातावर सांडलं तरी मग बाईला पत्ता लागत नसे.

आबोली गावडेचा आकडा एकाहत्तर होता आणि तिने लेप लावायला साफ नकार दिला होता. तीन दिवस ती बाकावर नुसती बसून होती.

डॉ. केतकी तिरोडकर तिची समजूत काढायला आली. संवेदनशील त्वचेची जैविक कारणं शोधणाऱ्या प्रकल्पात केतकीची दोन वर्षं गेली होती. अहवाल तयार होता, फक्त तिची सही राहिली होती. काहींच्या त्वचेत तंतूंचं जाळं जन्मतःच दाट असतं आणि अशी त्वचा उगाच कांगावा करते, असं त्यात म्हटलं होतं. सही झाली की जिल्ह्यातल्या सगळ्या कारखान्यांत लेप सक्तीचा होणार होता.

"लाव गो लेप. तुझोच त्रास कमी होतलो," केतकी म्हणाली. ती इथलीच होती.

"लेप लावल्यार हात जळूचो थांबता काय?" आबोलीने विचारलं.

"नाय. पण तुका कळाचा नाय."

"मगे माका कळाक नको, असा कोणी ठरवल्यान?"

केतकीला रागच आला. दोन वर्षं अभ्यास तिने केला होता, आबोलीने नव्हे.

दुपारच्या सुट्टीत शेवंती राऊळने चुलीवरचं पेजेचं टोप उतरवलं. शेवंतीकाकी म्हणजे कारखान्यातली सगळ्यांत जुनी बाई, आकडा कायम सहा. फडकं न घेता तिने टोप दोन्ही हातांनी उचललं, दहा पावलं चालत आणलं आणि केतकीसमोर ठेवलं. कुणालाच त्याचं नवल वाटलं नाही. केतकीला मात्र तिच्या बोटांवर फुगत चाललेले फोड दिसले.

"काकी, पोळला नाय तुमका?"

"माका खय पोळता? तीस वर्सां झाली ह्या हातांका."

केतकीने ओढणीचा एक धागा उपसला. काकीला डोळे मिटायला सांगून तो तिच्या तळहातावरून आणि बोटांवरून फिरवला. एकदा, दोनदा, तीनदा.

"फिरव मगे," डोळे मिटूनच शेवंती म्हणाली. "कधीची वाट बघतंय."

केतकीने पेजेला हात लावला नाही. शेवंतीचा हात हा प्रकल्पातल्या चाळीस प्रमाण हातांपैकी एक होता. निरोगी त्वचा कशी असते ते या हातांवरून ठरलं होतं आणि बाकी सगळ्या हातांना त्याच मापाने मोजलं होतं. 'एकही तक्रार नसलेल्या बायका पाठवा,' असं पत्र प्रयोगशाळेने कारखान्याला लिहिलं होतं. कारखान्याने आपल्या चाळीस जुन्या बायका पाठवल्या. त्यांची तक्रार का नाही, हे कुणीच विचारलं नाही. ते पत्र केतकीनेच लिहिलं होतं.

संशोधकांनी पेटीत स्वतःचा हात घालायचा नाही, असा नियम होता. प्रयोगशाळेत परतताच तिथल्या पेटीत हात घालून तिने तो मोडला. आकडा आला एकोणसत्तर, दिवा लाल. मग तिने टंकलेखिकेला बोलावलं, ड्रायव्हरला बोलावलं, ग्रंथपालालाही. चौसष्ट, बहात्तर, सहासष्ट. कपाटातून कारखान्यातल्या बायकांच्या त्वचेच्या नमुन्यांच्या काचपट्ट्या काढून तिने सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या. आबोलीच्या त्वचेत तंतूंचं जाळं होतं, चारचौघांसारखं. शेवंतीच्या त्वचेत चार तुटकी टोकं उरली होती.

प्रकल्पप्रमुख डॉ. सहस्रबुद्धे यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "दोन वर्षांचं काम पाण्यात घालू नकोस. आता सही कर, दुरुस्ती पुढच्या अहवालात करू."

"तोवर लेपाखाली नकळत तेलाने तंतू जळून आबोलीचा हात शेवंतीकाकींसारखा होईल, सर. आपण बधिर हाताला निरोगी म्हटलंय. माझी सही मिळणार नाही."

"माझ्या हाताखाली काम करायचं असेल तर..."

"सर, एकदा तुमचा हात घाला पेटीत."

त्यांनी हात खिशात घातला. केतकीने अहवाल त्यांच्या टेबलावर सहीविना ठेवला आणि ती बाहेर पडली.

दुसऱ्या दिवशी भोंग्याआधीच ती कारखान्याच्या दारात उभी राहिली आणि तिने बायकांना सगळं सांगितलं, काकीच्या हातातल्या मज्जातंतूंच्या तुटलेल्या धाग्यांसकट आणि स्वतःच्या पत्रासकट. मुकादम आरडाओरडा करत होता. आबोली नेहमीसारखी बाकावर बसली. लेपाची बाटली तिने उलटी करून जमिनीवर ओतली. मग लाल दिव्याची एकेक बाई येऊन तिच्याशेजारी बसू लागली. बाक भरला तशा त्या पायरीवर बसल्या.

शेवंतीने पेटीत हात घातला. सहा. दार उघडलं. ती उघड्या दाराकडे बघत राहिली, मग मागे वळली आणि आबोलीला सरकायला लावून बाकाच्या टोकावर टेकली.

"बाय," तिने केतकीला विचारलं, "माझे धागे परत येतले?"

"तेल लागाचा थांबला तर येती. सगळे नाय, थोडे. वर्स लागात."

"मगे दुखतला."

"होय काकी. दुखतला."

शेवंतीने दोन्ही तळहात मांडीवर उताणे ठेवले आणि ते कुणा दुसऱ्याचे असावेत तशी ती त्यांच्याकडे बघू लागली.

"दुखांदे," ती म्हणाली. "पण तीस वर्सांचा सगळा एकदम दुखतला काय गो?"