बॅरिंडाच्या तीन कॅसेट

बॅरिंडा हे ऑस्ट्रेलियातलं चारशे बारा वस्तीचं गाव. एक पब, एक धान्याचं कोठार, एक हॉल. एवढ्या भांडवलावर त्यांनी तीनशे चाळीस पानांचा इतिहास लिहिला आणि स्वस्त पडतं म्हणून छापायला सिंगापूरला पाठवला. मी इथल्या एका छापखान्याची मुद्रितं तपासते.

२००४च्या मे महिन्यात ते बाड सिंगापुरातल्या माझ्या बेडोकच्या फ्लॅटमध्ये आलं. माझी पद्धत जुनी आहे. एकाने मूळ प्रत विरामचिन्हांसकट मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने मुद्रितावर नजर ठेवायची. वाचायचं काम बाबांचं. पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन ते यवतमाळहून माझ्याकडे राहायला आले होते.

"द हॉल वॉज पेंटेड इन नाइन्टीन ट्वेल्व्ह, कॉमा, अँड अगेन इन नाइन्टीन थर्टी, फुलस्टाप." मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत, "हॉलला रंग दिला, माय. झाला इतिहास."

फुलांच्या प्रदर्शनात कोणाच्या डेलियाला पहिलं बक्षीस, कोणाचे आजोबा आधी आले, कोणता बेकरीवाला तीस वर्षं राहूनही 'नवा', यावर पानंच्या पानं. ज्यांची ती जमीन होती त्या मूळ रहिवाशांवर एक ओळ: नदीपलीकडे काही लोक राहत.

ती ओळ बाबांनी दोनदा वाचली. "आपल्या गावचा इतिहास लिहिला, तर त्यात आपला बौद्धपुरा एवढाच येईल."

सातव्या प्रकरणावर, जूनमध्ये, बाबा गेले. न्यूमोनिया, चार दिवस. त्यांचे फोटो शंभर आहेत. आवाज कुठेच नाही. टेप करावा असं मला कधी सुचलं नाही.

जुलैत मी उरलेलं काम एकटीने घेतलं. शेवटचं प्रकरण गावातल्या म्हाताऱ्यांच्या आठवणींचं होतं, १९८१ साली त्याच हॉलमध्ये टेप केलेल्या. अवतरणं ताडून बघण्यासाठी समितीने तीन कॅसेट पाठवल्या होत्या. काम संपताच परत करायची अट होती.

शनिवारी दुपारी पहिली लावली. खाली हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांवर, कढया वाजत होत्या. कोणी एक शेतकरी १९१९च्या क्रिकेट सामन्याबद्दल बोलत होता, जगात त्या वर्षी दुसरं काही घडलंच नसावं अशा थाटात. त्याच्या मागे, हॉलच्या दूरच्या टोकाला, कोणीतरी पुटपुटलं. मी टेप मागे नेली.

"कॉमा."

एक कोरडा खोकला. मग, "फुलस्टाप."

१९८१ साली बाबा यवतमाळच्या ऑफिसात कालव्यांचे नकाशे काढत होते.

दुसऱ्या कॅसेटमध्ये तो आवाज माइकच्या जवळ आला होता. तिसरीत म्हातारी माणसं प्रत्येक वाक्यानंतर थांबत होती, तो आवाज 'फुलस्टाप' म्हणेपर्यंत.

मी समितीच्या सेक्रेटरी मिसेस हॅलोरन यांना फोन केला. टेपवर मागे कोण बोलतंय, विचारलं.



"आधी नव्हतं ते," त्या म्हणाल्या. "जूनपासून आहे. आमच्या कॉपीतही. तुमचं काम संपलं की थांबेल, असं आम्ही धरून चाललोय." मग आवाज उतरवून, "सभ्य गृहस्थ वाटतात. पण इथले नाहीत."

"नाहीतच," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

तिसऱ्या कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला एकच अवतरण उरलं होतं, पुस्तकातलं शेवटचं. ते ताडलं की काम संपणार होतं आणि कॅसेट जाणार होत्या. एक वृद्ध बाई तृप्त आवाजात म्हणाली, "बॅरिंडात आम्ही कधीच कोणाला परकं मानलं नाही."

मी वाट पाहिली.

बाबांचा फुलस्टाप आला नाही.

हॉलमध्ये खुर्च्या करकरल्या. कोणीतरी घसा खाकरला. उठलं मात्र कोणी नाही.

कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची असते. आज मंगळवार आहे. मी बटणाला हात लावलेला नाही. चाकं फिरताहेत. अधूनमधून श्वास ऐकू येतात, पुष्कळ जणांचे.

बसू देत.

आज सकाळी ती बाई फार हळू, अजिजीने म्हणाली, "आता आम्ही घरी जाऊ का?"

"क्वेश्चन मार्क," बाबा म्हणाले.