दाराबाहेरचे बूट

दिवा राहू द्या. घाबरवण्यासारखं मी काही सांगणार नाही. भाचीला लोकरीचे कपडे पोचवायला गेलो होतो, एवढीच गोष्ट.

भाची वर्षभरासाठी परदेशातल्या विद्यापीठात गेली होती. त्यांची एक मुलगी इकडे, आपली एक तिकडे, अशी अदलाबदल. या व्यवहारात त्यांचीच फसगत आहे असं मी म्हणालो, ते बहिणीला लागलं. तिची काळजी खरी होती. पोरगी जन्माची वाटचुकी. शेजारच्या गल्लीतून घरी येताना हिला चकवा लागायचा, म्हणून घरात सगळे तिला ‘चकवी’ म्हणायचे. आणि तिकडे बर्फ पडू लागलं होतं. बहिणीने बजावलं, पोरगी रुळली नसेल तर सरळ घेऊन ये. मी निवृत्त कारकून. निर्णय वरच्यांनी घ्यायचा आणि शिक्का मी मारायचा, याची मला सवयच होती.

स्टेशनवर ती घ्यायला आली. धुकं इतकं, की समोरचे दिवे पिवळ्या डागांसारखे दिसत होते. ओल्या दगडांचा आणि धुराचा वास सुटला होता. ती मात्र माझ्याकडे बघून गप्पा मारत भराभर चालली होती. बंद वाटणारं फाटक ढकललं, कुणाच्या तरी अंगणातून पलीकडच्या रस्त्यावर निघाली. नकाशा कुठे आहे, म्हणून विचारलं तर हसली.

“लागत नाही, मामा. पाय नेतात.”

आधी मला अभिमान वाटला. मग लक्षात आलं, की एवढ्या वेळात तिने रस्त्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

तिची खोली सगळ्यात वरच्या मजल्यावर, उतरत्या छताची. घरच्या सवयीने तिने बूट दाराबाहेर काढले. त्या लांब बोळात दुसऱ्या कुठल्याच दाराबाहेर जोडा नव्हता. तिथले लोक पादत्राणं आतच ठेवत. मीही माझे बूट तिच्या बुटांशेजारी काढले.

सकाळी तिने मला बाहेर बोलावलं. बोळात श्वासाची वाफ दिसत होती.

“आत हात घालून बघ,” ती हळूच म्हणाली.

बूट आतून गरम होते. पाय नुकताच बाहेर काढल्यासारखे. तळव्यांना न वितळलेलं बर्फ. तिच्याही, माझ्याही.

“पहिल्या दिवसापासून असंच आहे... कुणीतरी माझ्याआधी जाऊन वाट बघून येतं, मामा.”

घरमालकीण जिना पुसत होती. भाचीला दुभाषी करून मी तिला विचारलं. तिने बुटांकडे बराच वेळ पाहिलं. फार वर्षांपूर्वी त्या खोलीत आमच्याच बाजूचा एक विद्यार्थी राहायचा, तोही जोडे असेच बाहेर काढायचा, असं ती म्हणाली. पहिल्याच बर्फात पाव आणायला गेला आणि वाट चुकला. सापडला तो बर्फ वितळल्यावर, याच घराच्या मागच्या गल्लीत. तेव्हापासून या खोलीतलं कुणी वाट चुकलेलं नाही. एवढं सांगून तिने बुटांना धक्का न लावता भोवतालची फरशी पुसली.

शहाण्या माणसाने त्याच क्षणी पोरीची बॅग भरली असती. मी टोपी काढून उभा राहिलो. आपण चुकलो तसं दुसऱ्या कुणी चुकू नये, म्हणून अख्खं शहर पायाखाली घालणारा तो पोरगा! आमच्या कचेरीत जिवंत माणसांनीही इतकं काम केलेलं मी पाहिलं नव्हतं. बहिणीला फोनवर कळवलं, रुळली आहे.

घरी परतलो आणि नेहमीप्रमाणे बूट दाराबाहेर काढले. सकाळी दूध आणायला म्हणून पायात घातले, तर गरम. तळव्याला बर्फ, आणि आमच्याकडे तेव्हा पंखे चालू होते.

पाय डेअरीकडे वळेनात. बाजार मागे पडला, पूल मागे पडला. उभ्या आयुष्यात कधी न पाहिलेल्या एका आळीत, एका बुटक्या दारासमोर ते थांबले. दाराबाहेर बायकी चपला होत्या, एकीचा पट्टा निळ्या दोऱ्याने शिवलेला. न वाजवताच दार उघडलं. आत एक म्हातारी. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. बुटांकडे पाहत राहिली.

“किती उशीर केलास रे...”

मी बूट काढले. पाय पुन्हा माझे झाले. कुणाला तरी आत घ्यावं तशी ती बाजूला सरली, आणि माझ्यासमोर दार हलकेच लागलं. मी अनवाणी, वाट विचारत विचारत घरी आलो.

त्यानंतर भाचीचे बूट गार राहू लागले. पोरगी चुकली, थंडीने काकडली, फोनवर रडली. पण लोकांना विचारत, खाणाखुणा लक्षात ठेवत वाटा शिकली. “आता माझी मी जाते,” असं तिने आईला ठणकावून सांगितलं, आणि माझा शिक्का अखेर खरा ठरला.

आज सकाळी तिचा फोन आला. आवाज अगदी बारीक.

“मामा, तुझे बूट इथे कसे? माझ्या दाराबाहेर आहेत.”

ते तर मी त्या म्हातारीच्या दाराशी सोडून आलो होतो.

“आणि त्यांच्या शेजारी चपला आहेत. बायकी. एकीचा पट्टा निळ्या दोऱ्याने शिवलाय...” त्या बोळातली शांतता मला इथे ऐकू येत होती. “हात लावून बघू का, मामा?”